आधी साल ठरव, मग डबे जोड

प्रिय पक्या,

तुझ्या कुर्डुवाडी स्टेशनच्या रेल्वे मॉडेलचे फोटो बघितले, झूम करकरून बघितले. प्लॅटफॉर्म भारी झालाय, इंजिनात पाणी भरायचा तो वॉटर कॉलम तर अगदी खराच वाटतो, आणि ती नॅरोगेजची बाजू तू एवढ्या कमी जागेत कशी बसवलीस तूच जाणे. पण त्या डब्ल्यूपीच्या, म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या, मागे जे सहा निळेशार डबे लावलेस ना, ते बघून मला राहवेना. व्हॉट्सॅपवर एवढं लिहिलं असतं तर तू "वाचतो रे" म्हणून ठेवून दिलं असतंस, म्हणून सरळ पत्रच.

तू म्हणतोस की तुला वाफ जाऊन डिझेल येतानाचा काळ दाखवायचाय, एका लाइनवर डब्ल्यूपी आणि दुसऱ्या लाइनवर डब्ल्यूडीएम-२. ठीकच आहे. पण इंजिनांवरून काळ ठरतच नाही रे. डब्ल्यूपी पहिल्यांदा १९४७ साली बाल्डविनकडून आली, डब्ल्यूडीएम-२ आल्को कंपनीकडून १९६२ साली, त्यानंतर ही दोन्ही इंजिनं पुढची वीसेक वर्षं सोबत धावली. म्हणजे दोन्ही शेजारी उभी केली तरी बघणाऱ्याला कळणार काय, तर साठचं दशक किंवा सत्तरचं किंवा ऐंशीचं! नेमकं साल सांगतात ते डबे. आणि तुझे निळे डबे सांगतायत नव्वदचं दशक, कारण तो रंग एअर ब्रेकच्या, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या, गाड्यांबरोबर तेव्हा आला, आणि तोपर्यंत ब्रॉडगेजवरची वाफ संपतच आलेली. १९९५ च्या डिसेंबरात ती कायमचीच बंद झाली.

मी तुझ्या जागी असतो तर १९७५ धरलं असतं. का ते सांगतो. १९७४ च्या एप्रिलमध्ये तिसरा वर्ग गेला, म्हणजे गेला कुठे, त्यालाच दुसरा म्हणायला लागले. डब्यावरच्या रोमन आकड्याच्या तीन उभ्या रेघांच्या दोन झाल्या, आत बाकं तीच लाकडी. गाद्या आल्या १९७७ नंतर, आपले मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा. कोकणातल्या राजापूरचा खासदार, आणि अख्ख्या देशाच्या पाठीला गादी देऊन गेला, मला तर या माणसाबद्दल फार प्रेम आहे. तर १९७५ धरलंस की स्लीपरच्या खिडकीतून आत जे दिसेल ते लाकडी रंगाचं असायला हवं, हिरवं-निळं रेक्झिन नाही. तू आत एलईडी लावणार म्हणालास ना, मग हे दिसणारच, लपणार नाही.

रंग मरून. म्हणजे तो गडद लालसर तपकिरी, आपण लहानपणी ज्याला फक्त "रेल्वेचा रंग" म्हणायचो तो. सगळे डबे एकाच बाटलीतून रंगवू नकोस. वर्कशॉपमधून नुकताच आलेला एक, दोन उन्हाळे खाल्लेले तीन-चार, आणि एक पार विटका. टपाला चकचकीत चंदेरी मारलास तर इंजिनाला लागून असलेल्या डब्यावर काजळी चढव, मागे जाशील तशी कमी करत जा. बोगीवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, गंजकट तपकिरी धूळ, ती ब्रेकच्या ब्लॉकची असते, ती वाफेच्या मागे असो की डिझेलच्या मागे, सारखीच.

आता मुख्य मुद्दा. पेरांबूरचा आयसीएफ हा डब्यांचा कारखाना १९५५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाला, डिझाइन स्विस. सगळं पोलादी अंग, आणि धडक झाली तर एक डबा दुसऱ्यात घुसू नये अशी टोकांची बांधणी. पण १९७५ मध्ये गाडीचे सगळे डबे आयसीएफचे असलेच पाहिजेत असं काही नाही. कारखाना चालू झाला म्हणून आदल्या दिवशीपर्यंतचे डबे कोणी भंगारात घालत नाही, डबा पंचवीस-पंचवीस वर्षं चालवतात. म्हणून जुना डबा नंतरच्या गाडीत बिनधास्त लाव, नवा डबा आधीच्या गाडीत मात्र चालणार नाही. कपूरथळ्याचा डबा १९७५ मध्ये येऊच शकत नाही, तो कारखानाच ऐंशीच्या दशकातला. पण एखादा जुना, लाकडाचं काम असलेला, लीफ स्प्रिंगच्या बोगीचा डबा पॅसेंजरला मधेच लागलेला असेल तर ते उलट खरंखुरं दिसेल. बघणारा विचारेल हा वेगळा का, आणि तुला तासभर बोलायला विषय!

मापं देतो, वहीत लिही. आयसीएफचं अंग २१.३४ मीटर लांब, ३.२४५ मीटर रुंद. एचओ या मॉडेलच्या मापात म्हणजे १:८७ ला साधारण २४५ मिलिमीटर बाय ३७. दोन बोगींच्या मध्यांमधलं अंतर १७० आणि चाक साडेदहा मिलिमीटर. तुझा तो खिडकीजवळचा वळणाचा रूळ १८ इंची त्रिज्येचा आहे ना? तिथे डब्याचा मध्य आठ मिलिमीटर आत सरकणार, आणि टोकं बाहेर. शेजारच्या लाइनवर गाडी उभी असेल तर घासणार. ३६ इंची केलंस तर चारवर येईल. घरात जागा नाही हे मला माहितीये, वहिनींनी आधीच गेस्टरूम दिलीये, तर निदान ते वळण बोगद्यात तरी घाल. कुर्डुवाडीला बोगदा कुठला म्हणशील! मग गोदामाच्या मागे घाल, पण दिसू देऊ नकोस.

दुसरं म्हणजे आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर, १:८७ ला तो सव्वाएकोणीस व्हायला हवा, आणि तू वापरतोयस साडेसोळाचा रेडीमेड ट्रॅक. त्यामुळे सदतीसचा डबा काटकुळ्या पायांवर उभा असल्यासारखा दिसतो. सगळा ट्रॅक हाताने टाकायचा उत्साह असेल तर टाक, मी नाही टाकणार. त्यापेक्षा बोगीच्या बाजूच्या फ्रेम खऱ्या मापाने बाहेर घे, चाकं काळपट रंगव, खडी जरा जास्त भर. समोरून बघितलं तरच कळतं, आणि समोरून बघतो कोण.

खाली बघायला विसरू नकोस, तुझ्या त्या निळ्या डब्यांच्या खाली एअर ब्रेकचं सामान आहे. १९७५ ला व्हॅक्यूम ब्रेकचा सिलिंडर पाहिजे, बॅटरीचा पेटारा पाहिजे, चाकाच्या आसावर पट्ट्याने फिरणारा डायनॅमो पाहिजे. आणि टोकाला बफर, स्क्रू कपलिंग, एकच जाडजूड नळी लोंबणारी. एअर ब्रेकला दोन बारीक पाइप असतात, आणि जाणकार माणूस तेच आधी बघतो, रंग नंतर.

सहा डब्यांत गाडी कशी बसवायची, तर दोन्ही टोकांना एसएलआर, म्हणजे गार्डचा डबा, सामान आणि थोडी बाकं. मध्ये एक फर्स्ट क्लास, दोन थ्री-टियर, एक जनरल. फर्स्टचा डबा लावताना कुठली बाजू आपल्याकडे येणार ते आधी बघ, कॉरिडॉरच्या बाजूच्या खिडक्या वेगळ्या आणि केबिनच्या बाजूच्या वेगळ्या, ती तू उलटी लावलीस तर मी पहिला हसणार. जमलं तर जनरलच्या जागी एक आरएमएसची, म्हणजे रेल्वे टपालाची, लाल गाडी कर, पत्र टाकायची फट असलेली. मेल गाडीला ती शोभते. हाच सेट सकाळी डब्ल्यूपीच्या मागे पॅसेंजर म्हणून चालव, आरएमएस काढून, आणि संध्याकाळी डब्ल्यूडीएम-२ च्या मागे मद्रास मेल म्हणून. आपल्याकडे असंच तर झालं, आधी मेल-एक्सप्रेसला डिझेल मिळालं आणि वाफ हळूहळू पॅसेंजर आणि मालगाड्यांवर ढकलली गेली.

डेक्कन क्वीनचा हट्ट सोड. मला माहितीये तुला ती का हवी, पण ती १ जून १९३० पासून विजेवरच धावलीये, आणि पुण्याच्या पुढे ती येत नाही. कुर्डुवाडीत ती उभी करायची म्हणजे आपल्याला इतिहासच बदलावा लागेल. हवी तर कपाटात ठेव.

नॅरोगेजला मात्र या सगळ्यातलं काही लावू नकोस. बार्शी लाइट रेल्वे १८९७ ची, एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंजिनिअरची, एका आसावर पाच टनच भार अशा हिशोबाने सगळं हलकंफुलकं बांधलेलं. तिचे डबे म्हणजे आयसीएफचं छोटं पिल्लू नव्हे, अंगाने अरुंद आणि कमी उंचीचे. तू नऊ मिलिमीटरचा रूळ घेतलायस ते झकास केलंस, १:८७ ला तो नॅरोगेजच्या खऱ्या ७६२ मिलिमीटरच्या अगदी जवळ जातो. आषाढीची गाडी करणार असशील तर माणसं लागतील, टपावरसुद्धा. वारकऱ्यांच्या टोप्या पांढऱ्या, पताका भगव्या, त्यासाठी बारीक ब्रश मी आणतो.

निळे डबे विकू नकोस, रंग काढून परत वापरता येतील. खाली नवीन सामान बसवायचं आणि टोकाचे पाइप कापायचे एवढंच. त्या आधी त्यातला एक मोजून मला लांबी कळव, कारण फोटोत ते २४५ पेक्षा आखूड वाटतायत. तसं असेल तर रंगावर पैसे घालवण्यात अर्थ नाही, मग आपण थ्रीडी प्रिंटच काढू.

वहिनींना नमस्कार, चिमणीला पापा.

तुझाच,
बाळ्या