बायफोकलवाल्यांनी काय घोडं मारलंय? उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी कनिष्ठ महाविद्यालयात बायफोकलचं, म्हणजे अकरावी-बारावीला घेता येणाऱ्या व्यवसायाभिमुख विषयांतलं, कम्प्युटर सायन्स शिकवतो. विषय २०० गुणांचा, त्यातले १०० प्रॅक्टिकलचे. आमची मुलं ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या किटवर एकेक हेक्स की दाबून ३ई, ०५ असे कोड भरत जातात आणि शेवटी ७६ टाकून प्रोग्रॅम थांबवतात. मधला एक आकडा चुकला की सगळं पुन्हा. सी++मध्ये सॉर्टिंगही लिहितात. हीच मुलं बीएस्सी सीएसच्या एफवायला (पदवीच्या पहिल्या वर्षाला) गेली की लूप म्हणजे काय, इथपासून परत श्रीगणेशा.

दहावीनंतर डिप्लोमा केलेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आयटीआयची दोन वर्षं केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. मग बायफोकलवाल्यांनीच काय घोडं मारलंय? आम्ही तर अख्खं वर्षही मागत नाही; बारावीत शिकून झालेल्या भागाचे पदवीत क्रेडिट (श्रेयांक) तेवढे मागतोय.

एप्रिल २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शाळेतलं शिकणंही मोजलंय. ३० तासांना एक क्रेडिट, वर्षाला ४०. बारावी पातळी ४ वर, पदवीचं पहिलं वर्ष ४.५ वर. तुमचे अधिकारी याच अर्ध्या पातळीवर बोट ठेवतील, आणि त्यात तथ्य आहे. जर्नल उतरवून काढून पास होणारे मीही दरवर्षी बघतो. बारावीच्या गुणांवर सरसकट क्रेडिट देऊच नका.

परीक्षा घ्या. अमेरिकेत हायस्कूलची मुलं मे महिन्यात एपीच्या (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) परीक्षा देतात, गुण १ ते ५. क्रेडिट द्यायचं की नाही ते ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं. कुठे ३ वर मिळतं, कुठे ५ शिवाय बात नाही. आपल्याला त्यासाठी नवं मंडळ नको. एफवाय सुरू होताच विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेवर प्रॅक्टिकल चाचणी घ्यावी. पास होईल त्याचे व्हीएससी (व्होकेशनल स्किल कोर्स) आणि एसईसीचे (स्किल एन्हान्समेंट कोर्स) दोन-दोन क्रेडिट एबीसीच्या (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यात जमा करावेत. त्या तासांना त्याला पुढचा पेपर घेता यावा.

खरी अडचण वेगळीच आहे. बारावी शालेय शिक्षण विभागाकडे, एफवाय तुमच्याकडे. पुष्कळ ठिकाणी दोन्ही वर्ग एकाच इमारतीत भरतात, शिपाईसुद्धा एकच; पण कागद या मजल्यावरून त्या मजल्यावर जात नाही. शिवाय वर्कलोड कमी होईल म्हणून सीनियरचे प्राध्यापक धास्तावतील. (त्यांच्या जागी मीही धास्तावलो असतो.) चाचणी घेणं, तपासणं हे त्यांच्या वर्कलोडमध्ये धरा, म्हणजे विरोध निम्मा होईल.

पुढच्या प्रवेशांआधी दोन्ही विभागांचा एकत्रित जीआर काढावा. तोवर ज्या स्वायत्त महाविद्यालयांची तयारी असेल, त्यांना यंदापासूनच ही चाचणी घेऊ द्यावी.

आपला,
एक कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक