बेड्यावर जाण्याआधी

चि. शीतल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की रेंज गेली, ते मी तुझ्या आईला विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. मी एवढंच म्हणालो होतो की पीएचडीच्या कामासाठी पारध्यांच्या बेड्यावर, त्यांच्या वस्तीवर, एकटी जाऊ नको. त्यावर तू म्हणालीस, "बाबा, तुमची ही नजरच माझ्या थीसिसचा विषय आहे." झालं, बोलणं तिथंच खुंटलं. समोरासमोर तू वकिलासारखी उलटतपासणी घेतेस, म्हणून लिहायला बसलो. तो विषय पुन्हा काढायचा नाही असं ठरवलं आहे.

इकडचं बरं आहे. तूर फुलावर आली. पऱ्हाटीचं काही खरं नाही. आजीचा गुडघा तसाच. दादाचं तू समजून घे, त्याच्याशी मी बोललो आहे.

पानठेल्यावर विचारतात, "पाटील, पोरगी ठानेदार होते काय आता?" मी सांगतो, नाही, माणूस गुन्हा का करतो आणि गुन्हेगार कोणाला म्हणायचं हे कोण ठरवतं, याचा ती अभ्यास करते. मग ठरलेला सवाल, "नोकरी काय भेटन?" त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. पण जेआरएफचे, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीचे, महिन्याला ३७,००० म्हटलं की सगळे गप्प होतात. ते सांगताना माझा आवाज थोडा चढतो, खोटं कशाला बोलू? पैसे वेळेवर जमा होत नाहीत, हे मात्र मी सांगत नाही. पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि बायकांना वर आणखी दोन, हा नियम तू सांगितलास तेव्हापासून तुझ्या आईनं बोटं मोजणं सोडलं आहे. तो विषय तिचा, मी त्यात पडत नाही.

तुझा सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, मी दोनदा वाचला. दिवाळीत तू त्या इटलीच्या डॉक्टरचं सांगितलं होतंस, लोम्ब्रोझोचं. कवटी आणि जबडा मोजून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो म्हणे. तू हसत होतीस. पण आपल्याकडे मोजपट्टीही लागत नाही गं. आडनाव पुरतं. आख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला असं तू लिहिलं आहेस, ते बरोबर आहे. पण त्याचा कागद काही ठाण्यांत अजून पोचला नसावा. माझी पोलीस पाटीलकी जुन्या फौजदारी संहितेची कलमं १०९ आणि ११० ऐकण्यात गेली, संशयित आणि सराईत म्हणून चांगल्या वागणुकीची हमी लिहून घेण्याची. आता नव्या संहितेत ती कलमं १२८ आणि १२९ झाली. आकडे बदलले, जीप आधी जाते ती बेड्यावरच.

तू सातवीत असतानाची सोयाबीनची चोरी तुला आठवते, मला माहीत आहे. सकाळी जीप आली आणि फासेपारध्यांची दोन पोरं उचलून नेली. त्यांतला धाकटा आदल्या दिवशी आपल्या धुऱ्यावर तितर धरायला फास लावत होता, तू त्याच्याजवळ बसून पाहत होतीस. मी ठाण्यात सांजेपर्यंत बसलो. साहेब म्हणाले, "पाटील, तुम्ही पंचनाम्यापुरते." पोती पुढं कोणाच्या गोठ्यात निघाली ते गावाला ठाऊक आहे, तिथं काही जीप गेली नाही. रात्री ताटावर तू विचारलंस, "बाबा, त्यांना सोडलं का?" मी म्हणालो, जेव. पुढं सुटीत तू मंगरूळ चव्हाळ्याच्या प्रश्नचिन्ह शाळेत पारध्यांच्या पोरांना शिकवायला गेलीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही पोट्टी एमपीएससीचा फॉर्म भरणार नाही.

तर सांगायचं हे, की सोबत कोण असतं? बघ, आलाच तो विषय. पण ऐकून घे. बेड्यावरच्या लोकांचं भय मला नाही. त्या बाया तुला चहा पाजतील, पोरं मोबाईल मागतील, आणखी काय? तू ज्यांच्याबद्दल त्यांना विचारणार आहेस, ते ठाण्यात बसतात, गावच्या चावडीवर बसतात, माझ्यासोबत चहा पितात. कोणी काय सांगितलं याची वही तुझ्या पिशवीत राहणार. तुमच्याकडे संमतीपत्र असतं, संशोधनाची नैतिकता तपासणारी समिती असते, हे तू समजावलंस. त्या समितीतल्या एकानं तरी रात्रीचं ठाणं पाहिलं आहे का?

म्हणून वहीत कोणाचंही खरं नाव लिहू नको. खुणेचे आकडे टाक, आणि कोणता आकडा कोणाचा ती यादी मुंबईलाच ठेव. गाईडच्या सहीचं पत्र एसपी ऑफिसला आवक-जावकमध्ये दे आणि पोच घे. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. तारीख नीट दिसते का पाहा. रेकॉर्डिंग रोजच्या रोज काढून... पुरे. सुरू झालं माझं भाषण. तुला गाईड आहेत, ते हे सगळं माझ्यापेक्षा नीट सांगत असतील. माफ कर.

मी सोबत आलो तर लोक बोलणार नाहीत, हे तुझं पटलं. पोलीस पाटील बाजूला बसला की बेडा मुका होतो. मी फाट्यावर थांबेन, आत येणार नाही, गाडीसुद्धा आडोशाला लावीन. तेही नको असेल तर नको. मग त्या शाळेतल्या बाईंना विचार, किंवा तुझ्या बॅचची ती अकोल्याची मुलगी आहे ना.

तुझ्या आईचं म्हणणं आहे की मी तुला उगाच घाबरवतो. तू घाबरत नाहीस हीच तर अडचण आहे, आणि ते कोणाकडून आलं हे ती मला ऐकवत असते.

बुधवारी दारव्ह्याला उतरलीस की फोन कर. त्याआधी सोबत कोण येतं त्याचं नाव आणि मोबाईल नंबर व्हॉट्सॲपवर टाक. नुसतं "हो बाबा" लिहू नको, नंबर टाक.

तुझा,
बाबा