अनामतीचे वाद टाळता येतात

संपादक महोदय,

लग्नसराईत गावोगावच्या समाजमंदिरांत आणि सार्वजनिक सभागृहांत एक वाद हमखास होतो: अनामत का कापली? ही सभागृहं चालवणारे बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून, बिनपगारी राबतात. भाडंही मंगल कार्यालयाच्या मानाने बरंच कमी असतं. अशा माणसांना पैशांवरून चारचौघांत बोलणी खावी लागली, की ती किल्ली ठेवून मोकळी होतात आणि गावाची सोय जाते.

वाद होतो तो बहुतेक वेळा विजेवरून. ठोक 'वीजखर्च' कोणालाच पटत नाही. त्यासाठी सबमीटर बसवावा, ताबा देताना आणि परत घेताना यजमानांसमोर रीडिंग घ्यावं, ते पावतीच्या मागे लिहावं आणि दोघांनी सही करावी.

खरं नुकसान मात्र मंडपवाल्याच्या जोडणीने होतं. 500 वॅटचे दहा हॅलोजन म्हणजे 5 किलोवॅट. सगळे एकाच फेजवर (वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एकीवर) टाकले, की जवळपास 22 अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की आपोआप वीज तोडणारा खटका) पडतो, आणि तो पडायलाच हवा. मग कोणीतरी तिथे 32चा बसवतो. वायर तीच राहते, तापत जाते आणि एमसीबी काही पडत नाही. त्याहून वाईट म्हणजे मुख्य न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची सामायिक परतीची तार, सैल राहणं. तिन्ही फेजवरचा भार कमी-जास्त असेल, तर एखाद्या फेजवर 230ऐवजी 300 व्होल्टच्याही पुढे दाब जातो. पंखे, ट्यूब आणि साउंडवाल्याचा अँप्लिफायर एका झटक्यात जळतात. म्हणून बाहेरच्या जोडणीसाठी वेगळा बोर्ड ठेवावा आणि मुख्य पेटीला कुलूप लावावं.

मोरी तुंबते ती भात आणि तळणीच्या तेलामुळे. तेल थंड झालं की पाइपाला आतून थर धरतो आणि त्यावर शितं अडकतात. पाणी उलटं येतं ते दुसऱ्या दिवशी, पुढच्या यजमानांच्या स्वयंपाकात! आचाऱ्याने उरलेलं तेल डब्यात भरून परत न्यावं, खरकटं पिंपात टाकावं आणि मोरीच्या तोंडावरची जाळी पाणी तुंबलं म्हणून काढू नये. हे बुकिंगच्या वेळीच आचाऱ्याला फोनवर सांगितलेलं बरं.

भांड्यांत हरवतात ती चमचे आणि वाट्या. पत्रावळींबरोबर कचऱ्यात जातात. पातेली, झारे मोजावेत, पण तीनशे चमचे मोजत बसू नये, ते तोलावेत. आधी पन्नास चमच्यांचं वजन करून भांड्यांच्या खोलीत लिहून ठेवलं, की काम दोन मिनिटांचं. पण चमचे कोरडे हवेत आणि सगळे एकाच मापाचे.

पैसे कार्यकर्त्याच्या खात्यावर कधीही घेऊ नयेत. संस्था 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असेल, तर हिशेब तपासून द्यावे लागतात. तेव्हा भाडं आणि अनामत संस्थेच्याच खात्यात घ्यावी आणि दोन्हींची पावती वेगळी द्यावी.

यजमानांना एकच विनंती: ताबा परत देणाऱ्या माणसाचं नाव बुकिंगच्याच वेळी द्या. तो मुलीचा बाप किंवा भाऊ नसावा. ते पाठवणीच्या गडबडीत असतात. शेवटची पंगत उठल्यावर अर्धा तास थांबेल असा कोणी नातेवाईक पुरे. तो थांबला, तर रीडिंग, मोरी आणि भांडी त्याच्यासमोर पाहून अनामतीचा हिशेब तिथल्या तिथे मिटवता येतो.

– एका सार्वजनिक सभागृहाचे कार्यवाह