शिवराई घरी ठेवून

बर्लिन, ४ फेब्रुवारी

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, सहा हजार किलोमीटर लांब गेलात आणि नाणंच नेलं नाहीत, मग गेलात कशाला?" ताई शेजारीच बसली होती, म्हणून हसून वेळ मारून नेली. पण रात्री झोप लागेना. एक तर इथे दुपारी पाच वाजताच अंधार पडतो, त्यामुळे रात्र किती झाली तेच कळत नाही. आणि दुसरं म्हणजे तुझा प्रश्न काही चुकीचा नव्हता. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

आपली शिवराई, शिवाजी महाराजांच्या नावाचं ते तांब्याचं नाणं, मी तुझ्या आजीच्या देवघरातून उचलली, तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. त्याआधी ती देवांबरोबर ताम्हनात असायची आणि दर दिवाळीला तिला चिंच लागायची. पुढच्या बाजूचं 'श्री राजा' अजून नीट वाचता येतं, 'शिव' मात्र पुसट झालंय. मागचं 'छत्र' आहे, 'पति' अर्धं गेलंय. ते 'शिव' आहे की 'सिव', हे मला चौतीस वर्षांत ठरवता आलेलं नाही. तुला हे हसण्यासारखं वाटतं, ठाऊक आहे. पण शिवराईवर लेखनाच्या तऱ्हा कितीतरी आहेत. टाकसाळी अनेक, ठसे कोरणारे हात वेगळे, कोणी ऱ्हस्व कोरला, कोणी दीर्घ. महाराजांच्या मागेही ती कितीतरी वर्षं पाडली जात होती. अक्षरावरून नाणं कुठल्या काळातलं असेल याचा अंदाज बांधतात. म्हणून बर्लिनच्या नाण्यांच्या प्रदर्शनाचं तिकीट ताईने काढलं तेव्हा पहिला विचार आला तो हाच, की तिथे कोणी जाणकार भेटेल, त्याच्या हातावर ठेवून विचारू.

त्यावर तू म्हणालास, "खिशात टाका. एवढंसं तांब्याचं नाणं, कोण बघतंय?"

कोणीच बघणार नव्हतं, हे मलाही माहीत होतं. पण आपल्याकडे १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं म्हणजे पुरावशेष, आणि ते देशाबाहेर नेण्याचा अधिकार सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेला. तुला-मला नाही. पकडलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद. आणि कायद्यात 'फक्त दाखवायला नेतो, लगेच परत आणतो' अशी सवलत आपल्यासारख्याला नाही. पुरातत्त्व खात्याकडून दाखला मिळतो, तो वस्तू पुरावशेष *नाही* असा. आपली तर आहे.

हा कायदा जरा आडमुठा आहे, असं माझंही मत आहे. मूर्ती, ताम्रपट अडवा, एकदा नाही शंभरदा अडवा. पण शिवराया हजारोंनी निघाल्यात, जुन्या बाजारात अजून मिळतात. तिला आणि चोळकालीन मूर्तीला एकाच दोरीने बांधायचं म्हणजे गंमतच. तरी मी ती नेली नाही. एकोणतीस वर्षं कंडक्टर होतो रे. रात्री डेपोत कॅशबॅग रिकामी करताना रक्कम वे-बिलाशी जुळली नाही तर स्वतःच्या खिशातून भरायची, हे अंगात मुरलेलं. बॅगेत हिशेबाबाहेरचं काही असलं की माझी चालच बदलते. मुंबईच्या विमानतळावर नेमकं तेच झालं असतं.

झालं काय, अदलाबदलीला म्हणून मी दहा रुपयांची नाणी नेली होती. दोन धातूंची, वेगवेगळ्या चित्रांची. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये जाहीर केलं होतं, की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि चौदाही चालतात. आपला कोपऱ्यावरचा किराणावाला ते आजही मानत नाही. त्याने परत केलेली आणि इतरांकडून जमवलेली अशी साठ नाणी होती. सहाशे रुपये म्हणजे काहीच नाही, पंचवीस हजारांपर्यंत भारतीय चलन नेता येतं. पण एक्स-रेच्या पडद्यावर नाण्यांची पिशवी म्हणजे काळा ठोकळा. जवानाने बॅग बाजूला घेतली, पिशवी टेबलावर ओतली, एक नाणं उचलून विचारलं, "पुराना है क्या?" मी म्हणालो, २००९ च्या आधीचं एकही नाही. त्याने आठ-दहा उलटसुलट करून पाहिली आणि परत भरायला सांगितली. तुझी आई लांबून बघत होती, तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. आता त्या साठात शिवराई असती तर मी काय उत्तर दिलं असतं, तूच सांग.

परदेशाची सीमा म्हणजे बर्लिनला असेल असं मला वाटत होतं. पण एकाच व्हिसावर चालणाऱ्या या युरोपीय देशांत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरतो तिथेच तपासणी होते, म्हणजे आमची फ्रँकफर्टला. अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारलं. मी म्हणालो, मुलगी आणि नाणी. त्याला वाटलं मी विकायला आलोय. ताईचं निमंत्रणपत्र दाखवल्यावर सुटलो. पुढे दहा हजार युरो किंवा जास्त रोकड असेल तर जाहीर करा अशी पाटी होती. माझ्याकडे चारशे होते, त्यातले दोनशे तुझ्या आईच्या पर्समध्ये, म्हणजे नसल्यासारखेच.

प्रदर्शन नॉयकोल्न भागातल्या एका प्रचंड हॉटेलात भरतं. झोननआले नावाच्या स्टेशनवर उतरायचं आणि कालव्याच्या बाजूने चालायचं. त्याच नावाचा पुढे मोठा रस्ता आहे, त्यावर अरबी मिठायांची दुकानं ओळीने. आई तिथेच रमली. हे प्रदर्शन १९७२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलला सुरू झालं आणि २००६ पासून बर्लिनला आलं. बघ, आपला कायदा आणि यांचं प्रदर्शन एकाच वर्षीचं.

आत निम्म्या जागेत देशोदेशींच्या टाकसाळी. चकचकीत, रंगीत, काचेचे मणी बसवलेली नाणी. नाण्यावर कार्टून छापून शंभर युरोला विकतात, त्यात मला रस नाही. नाणी पाडणारी यंत्रं मात्र बराच वेळ पाहिली. माझा जीव रमला तो मागच्या दालनात, जिथे व्यापारी साधी टेबलं मांडून बसतात. पांढरा कपडा, वर दिवा, ट्रेमध्ये लाल मखमल आणि प्रत्येक खणात नाण्याखाली हाताने लिहिलेली चिठ्ठी. सगळे खाली मान घालून, डोळ्याला भिंग लावून. कुणी कुणाकडे बघत नाही. यष्टीत पहाटेच्या पहिल्या गाडीला असते तशी शांतता.

तिसऱ्या रांगेत एका म्हाताऱ्या जर्मन माणसाच्या ट्रेमध्ये मला ती दिसली. तांब्याची, जाड, ओबडधोबड. चिठ्ठीवर 'भारत, तांबे' एवढंच लिहिलेलं. आणि ठेवली होती उलटी, 'राजा' खाली डोकं वर पाय. मी बोटाने हळूच फिरवून सुलट केली. त्याने चष्म्यावरून पाहिलं. ताईने जर्मनमध्ये सांगितलं की हे आमच्या राजाचं नाव आहे, असं वाचायचं. त्याने पेन काढलं, चिठ्ठीवर वरच्या बाजूला एक छोटा बाण काढला आणि ताईकडून नाव लिहून घेतलं.

किंमत अठरा युरो. कुठून आली विचारलं, तर म्हणाला एका मयत गृहस्थाचा खोकाच विकत घेतला होता, त्यात निघाली, कागद काही नाही. तुला वाटेल मी लगेच घेतली असेल. नाही घेतली. कड घासलेली होती, 'शिव'चा अर्धा भाग ठशाबाहेर गेलेला. आपल्याकडच्या बाजारात मी त्याला फार तर दोनशे रुपये दिले असते. शिवाय एकदा इकडून आणली, की ती पुन्हा सीमेबाहेर जाणार नाही. तिथे निदान आता सुलटी तरी आहे.

आपल्या नाण्याचं म्हणशील तर दोन टेबलं सोडून एक इंग्रज व्यापारी होता, भारतीय नाण्यांतलाच. त्याला मोबाइलवरचे फोटो दाखवले. त्याने मोठे करून पाहिले, वजन विचारलं. मी अकरा ग्रॅम म्हणालो. तो म्हणाला, अकरा पॉइंट किती? मला सांगता आलं नाही. मग म्हणाला, "हातात घेतल्याशिवाय बोलता येणार नाही." बस. चौतीस वर्षांचा प्रश्न तिथेच राहिला. वाईट वाटलं का? वाटलं. तुझ्यापाशी कशाला लपवू.

दहाची नाणी मात्र हातोहात गेली! तिथे एका कोपऱ्यात अदलाबदल करणारे बसतात. शाळकरी मुलं, निवृत्त लोक. त्यांना मी नाण्यांवरची टाकसाळीची खूण दाखवली. सालाखाली शंकरपाळं असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नॉयडा, काहीच नसेल तर कलकत्ता. शंकरपाळं या शब्दाला ताईने काय प्रतिशब्द दिला कोण जाणे, सगळे हसले. त्यांच्याकडे अक्षरं आहेत: ए बर्लिन, डी म्युनिक, एफ स्टुटगार्ट, जी कार्ल्सरुहे, जे हॅम्बुर्ग.

बदल्यात मी पन्नास फेनिगची नाणी घेतली. फेनिग म्हणजे यांच्या जुन्या मार्काचे पैसे. त्यावर गुडघ्यावर बसून ओकचं रोप लावणारी बाई आहे. युद्धानंतर उजाड झालेली जंगलं ज्या बायकांनी पुन्हा उभी केली, त्यांची आठवण म्हणून. राजा नाही, गरुड नाही, रोप लावणारी बाई. त्यातही गंमत बघ. १९८९ च्या नाण्यांवर ए हे अक्षर सापडत नाही, १९९० पासून सापडतं. बर्लिनची टाकसाळ पूर्वेकडे होती, ती पूर्व जर्मनीची ॲल्युमिनियमची नाणी पाडायची, आपल्या जुन्या दहा पैशांसारखी हलकी. भिंत पडली, देश एक होऊ लागला आणि मार्काच्या नाण्यावर ए आला. शहराच्या मधोमध सीमा होती, आणि ती कधी गेली हे या पन्नास फेनिगवरून कळतं.

आणखी एक. यांचा मार्क २००२ मध्ये गेला, तरी जुने मार्क इथली मध्यवर्ती बँक आजही बदलून देते, मुदत नाही. आपले चार आणे २०११ च्या जूनअखेर बंद झाले तेव्हा डेपोत भरणा करायला केवढी धावपळ झाली होती, तुला आठवत नसेल.

काल बोडे संग्रहालयात गेलो. नाण्यांचा संग्रह पाच लाखांहून जास्त वस्तूंचा, आपण पाहतो तो चिमूटभर. पण लोक विचारतात ते जे तिथे नाही त्याबद्दल. शंभर किलो सोन्याचं कॅनडाचं नाणं तिथे ठेवलं होतं, अर्ध्या मीटरहून मोठा व्यास. २७ मार्च २०१७ च्या पहाटे चोर शेजारच्या रेल्वेरुळावरून आले, शिडी लावून खिडकीतून शिरले आणि नाणं ढकलगाडीवर घालून नेलं. २०२० मध्ये शिक्षा झाल्या, नाणं अजून सापडलेलं नाही. वितळवलं असणार. आई म्हणाली, "ढकलगाडीवर? म्हणजे आपल्याकडे वाळू नेतात तशी?" अगदी तशीच.

आता तुझ्याकडे काम आहे. कपाटात वरच्या खणात बिस्किटाचा निळा डबा आहे, त्यात पांढऱ्या पाकिटात शिवराई. सराफाकडे जा आणि काट्यावर वजन करून घे, दोन दशांशांपर्यंत. मग सकाळी खिडकीत ठेवून फोटो काढ, ऊन एका बाजूने तिरकं पडलं पाहिजे, म्हणजे पहिलं अक्षर 'श' आहे की 'स', आणि वेलांटी कुठल्या बाजूला आहे, ते सावलीत दिसेल. नाण्याला कडेने धर. चिंच, लिंबू, ब्रासो काहीही लावू नकोस, तुझ्या आजीने पुरेसं केलंय. त्या इंग्रजाने ईमेल दिला आहे, ताई पाठवेल.

आम्ही चौदाला निघतो. दोन चांदीची नाणी घेतली आहेत, ती मुंबईत कस्टमच्या लाल मार्गाने जाऊन दाखवणार आहे, त्यामुळे बाहेर यायला वेळ लागेल. गाडी घाईने पार्किंगमध्ये घालू नकोस.

तुझे
बाबा

ता. क. पन्नास फेनिगमध्ये ए, डी, एफ, जी मिळाले. हॅम्बुर्गचा जे राहिला. तुझ्या ऑफिसातलं कोणी तिकडे जाणार असेल तर विचारून ठेव.