कोरा रडूबाई नाहीये गं

प्रिय रेवा,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हटलं नीट बसून लिहावंच. 'द लेजेंड ऑफ कोरा' या कार्टून सिरीजच्या चौथ्या सीझनला तिची हिरोईन कोरा रडूबाई झाली म्हणतेस, आणि पहिल्या सीझनला तूच म्हणायचीस की किती आगाऊ आहे ही, कोणाचं ऐकतच नाही. मग तिने वागायचं तरी कसं गं?

तू एकटीच नाही, बहुतेक सगळे मुलींच्या पात्रांकडे असंच बघतात. कोराच्या आधीची सिरीज 'अवतार', तिच्यातला चिडका राजपुत्र झुको आठव, २००८ च्या शेवटच्या भागांत तो इरोहकाकांसमोर रडत माफी मागतो, तो सीन कोणाला आवडत नाही? तो सतत चिडायचा, ओरडायचा, तरी लोकांनी त्याला समजून घेतलं. आणि त्याच सिरीजमधल्या कटाराने आईचा विषय काढला की लोक म्हणतात झालं हिचं सुरू, लगेच मीम्स. अगं, तिला वाचवायला आईने सैनिकाला खोटं सांगितलं की वॉटरबेंडर, म्हणजे पाणी हवं तसं वळवू शकणारी, मीच आहे, आणि त्यात ती गेली, हे घेऊन जगतेय ती मुलगी. पुढे तोच माणूस सापडतो तेव्हा ती पडता पाऊस हवेत थांबवते, त्याचे बर्फाचे सुळे करते आणि त्याच्यावर सोडते, आणि ते त्याच्या अगदी जवळ जाऊन थांबतात. मारत नाही, माफही करत नाही. याहून ताकदवान सीन मला तरी त्या सिरीजमध्ये दिसत नाही. तिची मैत्रीण टॉफ सगळ्यांची लाडकी, कारण ती कोणाला भीक घालत नाही, पण बा सिंग से शहरातल्या त्या पुलावर मुली तिच्या मेकअपला हसतात तेव्हा तिच्याही डोळ्यात पाणी येतं, त्याचा विषय मात्र कोणी काढत नाही.

आता कोराचं बघ. तिसऱ्या सीझनच्या शेवटी खलनायक झहीरची माणसं तिच्या अंगात धातूचं विष घालतात, ती वाचते पण व्हीलचेअरवर येते. चौथ्याचा दुसरा एपिसोड, २०१४ चाच, परत बघ प्लीज. म्हातारी कटारा तिला पायाचा नुसता अंगठा हलवायला सांगते आणि तेवढ्यासाठी ही घामाघूम होते, जी लहानपणी लाथा मारत मीच अवतार (पाणी, माती, आग, हवा चारही वळवू शकणारी एकमेव) म्हणून नाचायची. मित्रांना लिहवत नाही, लिहिते ते फक्त मैत्रीण असामीला. तीन वर्षं जातात. मुलांच्या कार्टूनमध्ये कोणी बरं व्हायला इतका वेळ घेतलेला मी तरी पाहिला नव्हता, हिरोला एक गाणं नाहीतर एक ट्रेनिंग सीन पुरतो. शिवाय विष पूर्ण निघालेलंच नसतं, उरलेलं ती स्वतःच काढते.

आणि तरी भीती जात नाहीच! चौथ्या सीझनची खलनायिका कुविरा, तिच्याकडून हरते, मग स्वतःहून झहीरच्या कोठडीत जाते आणि ज्याने आपली ही अवस्था केली त्याचीच मदत घेते. ती कोठडीत शिरते तिथपर्यंत बघ आणि मला खरं सांग, तिथे तुला ती कमजोर वाटली का? व्हॉइस मेसेज नको, लिहून पाठव.

तुझीच,
मनवा