युक्रेनच्या मुलांसाठी भारताने बोलावे

महोदय,

युक्रेनच्या बातम्यांत आता बहुधा आघाडी किती सरकली, कोणी कोणाला क्षेपणास्त्रे दिली आणि वाटाघाटींची पुढची फेरी कुठे होणार, एवढेच वाचायला मिळते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने चढाई केल्यापासून ज्यांनी हे युद्ध सोसले ती माणसे, आणि त्यांतही रशियात व रशियाच्या ताब्यातील प्रदेशात नेली गेलेली मुले, या सगळ्यात मागे पडतात. युक्रेन सरकारने नोंद केलेल्या अशा मुलांची संख्या १९ हजारांहून अधिक आहे. काहींना अनाथालयांतून नेण्यात आले, काही उन्हाळी शिबिराला म्हणून गेली ती परत आलीच नाहीत. मे २०२२ मध्ये रशियाच्या अध्यक्षांनी युक्रेनमधील अनाथ मुलांना झटपट रशियन नागरिकत्व देणारा हुकूम काढला. याच मुलांच्या प्रकरणी आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालयाने १७ मार्च २०२३ रोजी पुतिन आणि त्यांच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्याविरुद्ध अटक वॉरंट जारी केले.

मुलांना सुरक्षिततेसाठी हलवले, असे रशियाचे म्हणणे आहे. गोळीबारातून मूल बाहेर काढावे लागते, हे कोणीही मान्य करील. परंतु १९४९ चा चौथा जिनिव्हा करार असे स्थलांतर तात्पुरतेच मानतो, त्या भागातील लढाई थांबताच लोकांना घरी पोहोचवण्याचे बंधन घालतो आणि ताबा घेणाऱ्या सत्तेला मुलांचा वैयक्तिक दर्जा बदलण्याची मनाई करतो. जीव वाचवण्यासाठी नेलेल्या मुलाला दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आणि दुसरे पालक देण्याचे कारण काय, याचे उत्तर मिळालेले नाही.

हा विषय मी कोल्हापुरातून मांडतो आहे, त्याला कारण आहे. १९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड व्यापला आणि १९४०-४१ मध्ये तेथील हजारो कुटुंबे सैबेरिया व कझाकस्तानात पाठवली. त्या मुलखाचा मोठा भाग आज पश्चिम युक्रेनमध्ये येतो. त्यांतले जे वाचले, त्यांतील काही जण इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुसंख्य बायका आणि मुले, आमच्या शेजारच्या वळिवडे येथे राहिले. त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते; पुढे फाळणीनंतर त्याच जागी सिंधी बांधव येऊन वसले आणि गांधीनगर उभे राहिले. कोल्हापूरची ही आठवण सांगणारे स्मारक वॉर्सात आहे. पंतप्रधान मोदी यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये तेथे आदरांजली वाहिली आणि लगेच कीव्हला जाऊन युद्धात मारल्या गेलेल्या मुलांच्या स्मृतिप्रदर्शनालाही भेट दिली. घरातून उचलून दूर नेलेल्या मुलांचे काय होते, हे ज्या गावाने जवळून पाहिले, त्याने आज या मुलांविषयी गप्प राहू नये, असे मला मनापासून वाटते.

रशिया आपला जुना मित्र आहे, हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि १९७१ विसरावे असे मी म्हणत नाही. पण ती मैत्री सोव्हिएत संघाशी होती आणि युक्रेन त्या संघाचा मोठा घटक होता. आपल्या हवाई दलाची एएन-३२ विमाने कीव्हच्या अँतोनोव्ह संस्थेने घडवली आणि आपल्या नौदलाच्या कित्येक युद्धनौकांची गॅस टर्बाइन इंजिने मिकोलाइव्हची आहेत. याच युक्रेनच्या विद्यापीठांत आपली हजारो मुले वैद्यकीय शिक्षण घेत होती. मार्च २०२२ मध्ये खार्किव्हमध्ये कर्नाटकातील एका विद्यार्थ्याचा बळी गेला, तेव्हा त्याचे मित्र तळघरांत आणि मेट्रो स्थानकांत तेथील नागरिकांबरोबरच जीव मुठीत धरून बसले होते.

संयुक्त राष्ट्रांत २ मार्च २०२२ रोजी १४१ देशांनी रशियाच्या आक्रमणाचा निषेध केला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. त्या धोरणावर मतभेद असू शकतात, माझेही आहेत. परंतु मॉस्को आणि कीव्ह या दोन्ही ठिकाणी ज्याचे ऐकून घेतले जाते, अशा थोड्या देशांत भारत आहे आणि मुलांच्या परतीसाठी बोलायला कोणाची बाजू सोडावी लागत नाही. कतारने मध्यस्थी करून काही मुले घरी पोहोचवली. व्हॅटिकननेही प्रयत्न केले. भारताने रशियाशी होणाऱ्या प्रत्येक उच्चस्तरीय भेटीत या मुलांच्या याद्या, त्यांचा ठावठिकाणा आणि परतीची मुदत यांचा विषय काढावा. महाराष्ट्राच्या खासदारांनी, विशेषतः कोल्हापूर जिल्ह्यातील खासदारांनी, परराष्ट्र मंत्रालयाला संसदेत याबाबत प्रश्न विचारावा, आणि वाचकांनी आपापल्या खासदाराला तसे पत्र लिहावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर