बाकीच्यांसाठीही वाकलेल्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,
सा. नमस्कार.

मंगळवेढ्याहून परत येऊन आठवडा झाला. रोज रात्री पत्र लिहायला घेते आणि चार ओळींतच डोळे भरून येतात. आज मात्र पुरं करायचं ठरवलंय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं उघडच लिहितेय.

मी सातवीला इतिहास शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, हे राजे लढत होते तेव्हा आपली माणसं काय खात होती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझी आजी 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. तिची नात असून मला यादव घराण्याची वंशावळ तोंडपाठ होती, पण त्यांच्या राज्यात मोट कोण ओढत होतं, दगड कोण वाहत होतं, हे कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

मग दारोदार विचारत फिरले. एका विद्वान गृहस्थांनी दोन तास ओसरीवर बसवून ठेवलं आणि शेवटी म्हणाले, "गरिबांचे कागद नसतात, वेळ घालवू नका." दुसऱ्यांनी राजांची सनावळी हातात ठेवली. त्यांचं ज्ञान मोठं असेल, पण त्या लेकरानं विचारलेलं त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र प्रश्न ऐकून घेतला, आधी भाकरी वाढली आणि मग बोललात. मालदांडीची भाकरी मोडत तुम्ही दामाजीपंतांची गोष्ट सांगितलीत. ती लहानपणापासून ऐकलेली: दुष्काळ पडला, पंतांनी सरकारी पेवं फोडून धान्य वाटलं, बिदरच्या बादशहानं पकडून आणायला माणसं धाडली आणि विठोबा विठू महार होऊन पैसे भरून आला. तुम्ही एवढंच म्हणालात, "बघा, गोष्टीतसुद्धा राजानं धान्य माफ केलं नाही. देवालाच पैसे मोजावे लागले." माझा घास हातातच राहिला. लोकांनी देवाला महाराचं रूप दिलं, हिशेब चुकता केलेला दाखवला, पण बादशहा आपणहून दाणे सोडेल ही कल्पना काही त्यांना करवली नाही. राज्य कसं असतं हे त्यांना किती पक्कं ठाऊक होतं!

मग तुम्ही कुसाचं, म्हणजे गावाभोवतीच्या भिंतीचं, सांगितलंत. 1338 साल. यादवांचं राज्य बुडून वीसेक वर्षं झालेली, दख्खनवर दिल्लीच्या मुहंमद तुघलकाचा अंमल. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामाला माणसं वेठीला धरून आणलेली, त्यांत चोखोबा. कूस कोसळलं आणि सगळे खाली गाडले गेले. पुढे नामदेवराय आले, ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरीला नेली. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजीनं देवगिरीहून सोनं, मोती किती मण नेले याचे आकडे फारसी तवारिखांत सापडतात. त्या कुसाखाली किती माणसं मेली, ते कुणी मोजलं नाही.

"चला, हाडं तिकडं आहेत," म्हणत तुम्ही भर उन्हात माझ्याबरोबर एस.टी.त बसलात. पंढरपूर पंचवीसेक किलोमीटर, तुमचा गुडघा दुखत होता, आणि मी तुमची कोण लागत होते?

महाद्वारासमोर नामदेव पायरीपाशी, चोखोबांच्या समाधीपुढे तुम्ही वाकलात. उठलात. आणि पुन्हा वाकलात. मला वाटलं तोल गेला, म्हणून मी हात पुढे केला. तुम्ही म्हणालात, "पहिला चोखोबांना. दुसरा बाकीच्यांना. त्यांची हाडं कुणी हुडकली नाहीत."

गुरुजी, त्यासाठीच हे पत्र. तुम्ही खूप काही सांगितलंत, वहीची चाळीस पानं भरली आहेत, पण तो दुसरा नमस्कार मला कुणी शिकवला नव्हता. एवढी वर्षं मी आषाढीला पंढरीला जाते, त्या समाधीपुढे वाकते, आणि चोखोबांच्या शेजारी दगड उचलणारा माणूस एकदाही मनात आला नव्हता. माझ्या आजीच्या शेजारीही शेकडो माणसं खडी फोडत बसलेली असायची.

चांगुलपणा मोठा असतो असं आपण उगाच धरून चालतो. पेवाचं तोंड उघडणाऱ्या हाताला तरी सरकारी अधिकार होता. तुमच्या हाती निवृत्तीनंतरचा मोकळा वेळ होता आणि दुखरा गुडघा, तेवढंच तुम्ही मला देऊन टाकलंत. गावोगाव अशी माणसं आहेत, कुणाच्या मोजदादीत नसलेली, आणि त्यांच्यामुळे माझ्यासारखीचं अडलेलं पुढे सरकतं.

सोमवारी वर्गात सगळं सांगितलं. ती मुलगी काही बोलली नाही, तास संपल्यावर येऊन माझ्या टेबलापाशी नुसती उभी राहिली.

आजीलाही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या बाकीच्यांत बायाबी असतील की गं. पाट्या कोन उचलत व्हतं?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला काही ठाऊक असेल तर कळवा, आजी वाट बघतेय. आणि गुडघ्याला तेल लावत जा.

आपली,
खडी फोडणाऱ्या बाईची नात